झोन कुठला?

फ्लोरिडातल्या टँपा भागात नवं बिऱ्हाड थाटलं की शेजारी दोन गोष्टी विचारतात: कुठून आलात आणि झोन कुठला? पहिल्याचं उत्तर सोपं. दुसऱ्यासाठी काउंटीच्या नकाशावर आपला पत्ता टाकून पाहावा लागतो.

हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. पण तयारी जूनमध्येच उरकायची, हा शेजारच्या निवृत्त इलेक्ट्रिशियनचा दंडक. वादळाला नाव पडलं की दुकानातलं प्लायवूड आणि पंपावरचं पेट्रोल दोन्ही संपतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, घरमालकाने गॅरेजमध्ये रचून ठेवलेले शटर आम्ही बाहेर काढले.

शटर म्हणजे ॲल्युमिनियमचे पन्हळी पत्रे. प्रत्येकावर मार्करने खिडकीचं नाव आणि क्रमांक लिहिलेला: ‘किचन २’, ‘बेडरूम ४’. ही अक्षरं पुसली गेली तर ऐन घाईत पत्रे जुळवत बसावं लागतं, म्हणून आधी ती पुन्हा गिरवली. पत्र्याचं वरचं टोक भिंतीवरच्या खाचेत सरकवायचं, खालची भोकं बोल्टवर बसवायची, शेजारच्या पत्र्याची एक पन्हळ त्यावर चढवायची आणि मग कान असलेले विंग नट आवळायचे. कडा पात्यासारख्या, हातमोज्यांशिवाय काम नाही. खाऱ्या हवेने काही नट जाम झाले होते, त्यांना तेल पाजलं. काचेवर चिकटपट्टीची फुली मारणारे अजून भेटतात. त्याने काच वाचत नाही, फक्त चिकटपट्टी संपते. सगळे पत्रे लावले तर घर भरदुपारी काळंकुट्ट होतं. आत अडकू नये म्हणून बाहेर पडायची एक वाट मोकळी ठेवायची, हेही शेजारच्या इलेक्ट्रिशियननेच बजावलं.

हे सगळं वाऱ्यासाठी. झोनचा संबंध मात्र पाण्याशी. ए ते ई ही अक्षरं समुद्राच्या उधाणाचा धोका सांगतात. घर सोडण्याचा हुकूम ‘ए’पासून सुरू होतो. विमा कंपनीच्या कागदावरचा पुराचा झोन निराळा, त्याची यात गल्लत करायची नाही. टीव्हीवर वादळाला दिलेला एक ते पाच हा आकडा फक्त वाऱ्याच्या वेगाचा, पाण्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

२०२४ साली इथल्या लोकांनी हे पंधरवड्यात दोनदा पाहिलं. २६ सप्टेंबरला हेलीन हे वादळ टँपापासून शंभरेक मैल दूर, समुद्रातून उत्तरेला गेलं. वादळाचे वारे इथे घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे त्याच्या पूर्वेकडच्या दक्षिण वाऱ्याने आखातातलं पाणी टँपाच्या उपसागरात रेटलं आणि किनाऱ्यावरची घरं बुडाली. ९ ऑक्टोबरला मिल्टन थेट जमिनीवर आलं, पण टँपाच्या दक्षिणेला, ‘सिएस्टा की’ इथे. त्याच्या उत्तर अंगाचा वारा जमिनीकडून समुद्राकडे होता, म्हणून उपसागरातलं पाणी उलट ओसरलं. वाऱ्याने मात्र सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छप्पर फाडलं. लांबून जाणारं वादळ बुडवतं आणि जवळ आलेलं पाणी ओढून नेतं; नवख्याने नुसता अंदाजाच्या नकाशावरचा शंकू पाहून काय ठरवावं? तो शंकूही वादळाच्या केंद्राची संभाव्य वाट दाखवतो, वादळाचा आवाका नाही.

बाकीची कामं किरकोळ, पण टाळून चालत नाहीत. सरकारी पूरविमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो आणि घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन. संडासासाठी बाथटब भरायचा. जनरेटर गॅरेजमध्ये कधीच लावायचा नाही, धुराने माणसं दगावतात. फ्रीजरमध्ये पेलाभर बर्फ आणि त्यावर एक नाणं: परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळलं होतं, अन्न फेकायचं. शेगडी विजेची, त्यामुळे न शिजवता खायच्या डबाबंद पदार्थांची यादी सगळीकडे मिळते. आमच्याकडे त्या जागी चिवडा आणि बेसनाचे लाडू बसले, आणि मला तरी ती सुधारणाच वाटते.

आमचा झोन ‘ए’ निघाला, म्हणजे शटर लावून इथे थांबायचं नाहीच. जायचंही शेकडो मैल नाही. उधाणाच्या टप्प्याबाहेरचं पक्कं घर पुरे, नाहीतर हायवेवर गाड्यांच्या रांगेत वादळ गाठायचं. शाळेतल्या निवाऱ्यात डोक्यावर छप्पर मिळतं, अंथरूण आपलं आपण न्यायचं. म्हणून उधाणाच्या टप्प्याबाहेर, लेकलँडला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला जूनमध्येच विचारून ठेवलं. ते लगेच हो म्हणाले, फक्त गाद्या तुमच्या तुम्ही आणा.