दणके मागच्या सीटला

गाडीच्या खालचं काम म्हणजे पुरुषांचा विषय, असं म्हणून आपण बायका हात झटकून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, मागच्या सीटवर बसतं कोण? सासूबाई, लेकुरवाळी सून, गुडघे धरून बसलेली मावशी. गाडीबद्दलचं सगळं ठरतं पुढच्या सीटवर आणि दणके बसतात मागे.

आमच्याकडे २००७ सालची मारुती ओम्नी आहे. या गाडीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण आमच्या दौंड भागात भाजीपाल्यापासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहणाऱ्या ओम्नी अजून दिसतात. पाटस, कुरकुंभच्या बाजूच्या बायकांना तपासणीसाठी दौंडला आणायचं, परत सोडायचं, या माझ्या कामाला ती फार उपयोगी. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर धावतात आणि आतल्या रस्त्यांची काय दशा होते ते सांगायला नको. गेल्या हंगामात आठवा महिना लागलेली एक मुलगी गाडीतून उतरताना म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी मी एसटीनंच येते." ते फार लागलं मनाला.

घरात विषय काढला तर हे म्हणाले, "मागे एक जादा पाटा टाकून घेऊ, गाडी उचलून धरेल." सगळे तेच करतात. पण आमचा पुतण्या आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकलेला. तो म्हणाला, "काकू, पाटा वाढवला तर पोती छान जातील, माणसं नाही."

त्याचं म्हणणं मी नीट समजून घेतलं. ओम्नीच्या मागे पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेले पाटे असतात. टांग्याच्या कमानी आठवतात ना, त्यातलाच प्रकार. पट्ट्या वाढल्या की ओझं जास्त पेलतं, पण गाडीत चारच माणसं असली तर तो ताठ पाटा वाकतच नाही आणि खड्ड्याचा दणका थेट मणक्यात जातो. शिवाय मागची बाजू उचलली गेली की हेडलाइटचा झोत जवळच पडतो, रात्री पुढचं दिसत नाही. आणि आमचा खरा बिघाड पाट्यात नव्हताच, शॉकअपमध्ये होता.

शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. स्प्रिंग किंवा पाटा दणका झेलतो, पण तेवढंच असेल तर गाडी पाळण्यासारखी हलत राहील. शॉकअपच्या नळीत तेल असतं, दट्ट्या ते बारीक छिद्रांतून ढकलतो आणि त्यात हालचाल जिरते. तेल गळून गेलं की उरते नुसती नळी. मग गाडी उड्या मारते, चाक रस्त्यावर टेकून राहत नाही आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं.

हे आपण घरीही बघू शकतो. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडायचा. वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक, डुलत राहिला तर शॉकअप गेला. खाली वाकून नळी बघायची, ती तेलानं ओली आणि धुळीनं माखलेली दिसली तर विचारायलाच नको.

मागचे शॉकअप आम्ही अंगणातच बदलले. दोन्ही बाजूंचे एकदम, कारण एक नवा, एक जुना असला की गाडी एका अंगाला वागते. या वेळी गॅस भरलेले घेतले, खराब रस्त्यावर त्यातल्या तेलाला फेस कमी येतो. आदल्या रात्री नटांना गंज सोडवायचं तेल लावून ठेवलं. सकाळी पुढच्या चाकांना दगडाची उटी लावली, मातीत रुतू नये म्हणून जॅकखाली जाड फळी घातली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जायचं नाही, हा नियम माझा. विटा तर मुळीच नकोत, त्या भारानं फुटतात. स्टँड भाड्यानं आणले आणि काम होईपर्यंत घरातली लहान मुलं मागच्या दारी पाठवली. रबरी बुश असलेले नट पुतण्यानं शेवटी, गाडी चाकांवर उभी केल्यावर पक्के आवळले. आधी आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढचं काम मात्र घरी करू दिलं नाही. तिथे गुंडाळीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिचा दाब इतका असतो की अवजार सटकलं तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. पुतण्याचे मित्र "दोरीनं बांधून करू" म्हणत होते, त्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

काही जण गाडी उंच करतात, रचनाच बदलतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या नोंदींशी जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही. आमच्यासारख्या पंधरा वर्षांवरच्या गाडीला तर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला जावं लागतं. बिघडलेला भाग काढून त्याच मापाचा चांगला भाग घालणं यात कसली अडचण नाही.

पुढच्या दोन स्ट्रटसाठी मी भिशीचे पैसे बाजूला ठेवलेत. ते बसले की चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं आहे. दरम्यान कुरकुंभच्या एका आजींना डोळ्यांच्या तपासणीला आणलं. त्या येताना पूर्ण रस्ता झोपल्या होत्या.