चरबी गप्प बसत नाही

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. शेजारीशेजारी उभे होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली, तीही त्याच वळणाची निघाली. साउदम्प्टनच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी बऱ्यापैकी राखलेली.

असेना का चरबी, तिने बिघडतं काय? पूर्वी तिला नुसती कोठी समजत. १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की लठ्ठ उंदरांचा मेद टीएनएफ-अल्फा हे सूज पेटवणारं प्रथिन तयार करतो, आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. पुढे २००३ मध्ये त्याच मेदात जंतू गिळणाऱ्या महाभक्षक पेशींची गर्दी सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखू येते: फुगून मेलेली एखादी मेदपेशी आणि तिच्याभोवती महाभक्षकांचं मुकुटासारखं कडं.

त्यांना बोलावतं कोण? बऱ्याच अंशी चरबीच. तुंबलेल्या पेशींतून पाल्मिटिक आम्लासारखी मेदाम्लं बाहेर पडतात. जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-४ हा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) त्यांच्यामुळे जागा होतो. म्हणजे जंतू नसताना लढाई सुरू. यात यकृतातलं फेटुइन-ए हे प्रथिन मध्यस्थी करतं, हे २०१२ मध्ये शांतिनिकेतनच्या विश्वभारतीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. अ‍ॅराकिडोनिक आम्ल या मेदाम्लापासून बनणारं ल्युकोट्राइन बी-४ आणखी पेशी ओढून आणतं. लठ्ठ उंदरांत त्याचा ग्राहक रोखला, तर सूज उतरते आणि इन्सुलिन पुन्हा काम करू लागतं.

मला यातली खरी मेख पुढे दिसते. सूज चढणं हा शरीराचा धर्मच आहे. ती वेळेवर उतरत नाही, हा आजार. सूज उतरवणारे रेणूही मेदाम्लांपासूनच घडतात. बोस्टनच्या चार्ल्स सेर्हान यांनी त्यांना रेझॉल्विन नाव दिलं. त्यांचा कच्चा माल ओमेगा-३, आणि लठ्ठ प्राण्यांच्या मेदात नेमका या रेणूंचा तुटवडा आढळतो.

हा कच्चा माल आपल्या किनाऱ्यावर पूर्वी रोजच्या ताटात असे. मुंबईजवळच्या भाईंदरहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं लागतात. भातशेती, मिठागरं आणि खाडी हा इथला जुना संसार. अंगमेहनत भरपूर आणि ताटात मासळी. तारली-बांगड्यात ओमेगा-३ मुबलक असतं. आता शेतं-मिठागरं मागे पडली, कामं खुर्चीवरची झाली, आणि नाक्यावरचं फरसाण बहुधा पामतेलात तळलेलं. पामतेलात चाळीस टक्क्यांहून जास्त पाल्मिटिक आम्ल असतं. पण सगळं खापर तेलावर फोडू नये. साखर आणि मैदा जास्त झाला तर यकृत तेच आम्ल घरच्या घरी बनवतं.

मग माशाच्या तेलाच्या गोळ्या घ्याव्यात? अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मुख्य घटना एकत्र धरल्या, तर लक्षणीय घट नाही. गोळ्यांचे पैसे तारलीवर खर्च झालेले बरे, आणि तीही तळून नव्हे, कालवणातली.

वजनकाट्यावर विसंबू नका. शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. ती ओलांडली असेल, तर अंगकाठी कितीही बारीक दिसो, रक्तातली साखर तपासून घ्या.