फाईलचे लांब नाव आणि देवनागरी लिपी

बोलीच्या क्षेत्राभ्यासात ध्वनिमुद्रणाच्या फाईलीस दिलेले नाव हीच पुष्कळदा त्या नोंदीची एकमेव ओळख असते. गाव, तालुका, विषय, प्रसंग हे सारे त्या नावातच सांगितलेले असते. जालना जिल्ह्यात गोदावरीकाठी वसलेल्या शहागडच्या बोलीची अशी एखादी फाईल विंडोजच्या संगणकावर विनातक्रार राहते. परंतु नाव बरेच लांब असेल, तर लिनक्सचा संगणक तिची प्रत घेण्याचे नाकारतो. याचे कारण लांबी मोजण्याच्या दोन भिन्न रीतींत आहे.

डॉस प्रणालीत नावास आठ व त्यापुढील प्रकारदर्शक भागास तीन चिन्हांची मुभा असे. १९९५ मध्ये विंडोज ९५ ने ही मर्यादा २५५ चिन्हांपर्यंत नेली. लांब नाव तेरा-तेरा चिन्हांच्या तुकड्यांत साठवावयाचे आणि जुन्या आज्ञावलींसाठी एक आखूड नावही सोबत ठेवावयाचे, अशी ती योजना होती. लिनक्सच्या प्रचलित ईएक्सटी-४ या रचनेतही २५५ हीच संख्या आढळते. मात्र तेथे चिन्हे न मोजता बाइट मोजले जातात. रोमन लिपीतील एका अक्षरास एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, युनिकोडनुसार चिन्हे दहा होतात आणि बाइट तीस. म्हणजे मराठी नावास तेथे केवळ ८५ चिन्हांचीच जागा उरते.

दुसरी अडचण खास मराठीची आहे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ‘ऱ्’ एका स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ला नुक्ता जोडून, अथवा ‘र्’ पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिता येतो. मॅकची १९९८ मधील एचएफएस प्लस ही रचना पहिल्या प्रकाराचे दुसऱ्यात रूपांतर करीत असे. लिनक्स मात्र दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवतो. परिणामी दिसावयास एकच असलेली दोन नावे वेगळी ठरतात, आणि शोध घेणाऱ्यास असलेली नोंद सापडत नाही.

विसर्गाचेही असेच आहे. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकण्याची सवय सर्वत्र दिसते. लिनक्सवर ते नाव चालते. विंडोजवर अपूर्णविराम निषिद्ध असल्याने तेच नाव नाकारले जाते.

तात्पर्य, फाईलीचे नाव सत्तर चिन्हांच्या आत ठेवावे, ‘ऱ्’ एकाच रीतीने व विसर्ग विसर्गाच्याच चिन्हाने लिहावा, आणि गाव, तालुका, दिनांक इत्यादी सविस्तर माहिती स्वतंत्र सूचीत नोंदवावी. आवाज सुरक्षित राहिला, पण तो कोठला हे कळेनासे झाले, तर त्या नोंदीचे शास्त्रीय मोल फारसे उरत नाही.