गुडघा सावरला का? तोल सांगतो

डहाणू तालुक्यातल्या सरावलीत भातखाचराच्या निसरड्या बांधावरून चालताना प्रत्येक पावलाला सगळा भार क्षणभर एकाच पायावर येतो. गुडघा किती वाकला, किती वळला याची खबर मेंदूला देण्यात अस्थिबंधातल्या चेतातंतूंचाही वाटा असतो. कबड्डीत गुडघा पिरगळून पुढचा अस्थिबंध तुटला, की ही खबरही तुटते. शस्त्रक्रियेत बहुधा रुग्णाचीच कंडरा तिथे बसवतात. पण सुरुवातीला ती नुसता दोर असते, संदेश नेणारी तार नव्हे.

म्हणून हालचालीतला तोल तपासतात. ‘वाय’ चाचणीत जमिनीवर तीन पट्ट्या चिकटवतात: एक पुढे, दोन मागे तिरक्या. रुग्ण कमरेवर हात ठेवून एका पायावर उभा राहतो आणि दुसरे पाऊल पट्टीवरून जमेल तितके लांब नेऊन परत आणतो. लांबवलेल्या पायावर भार दिला, तर तो प्रयत्न बाद. अंतर पायाच्या लांबीशी ताडतात, म्हणजे उंच-ठेंगण्यांना एकच माप लागू पडते. मग पाय बदलून तुलना होते. पुढच्या दिशेत ४ सेंटिमीटरहून अधिक फरक हा धोक्याचा इशारा मानला जातो. मैदानात परतण्याचा निर्णय मात्र मांडीची ताकद, उड्यांच्या चाचण्या आणि साधारण ९ महिन्यांचा अवधी पाहूनच घेतात.