मोटारीची खोली आणि माणसांची खोली

आबा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले. मनमाडला त्यांचे स्वतःचे घर आहे. घराला लागून मोटारीची खोली आहे. मोटार केव्हाच विकली. आता थोरल्या मुलाचे लग्न ठरले आहे.

आबा म्हणाले, "शटर काढू, भिंत बांधू. झाली खोली! घर आपलं, कोणाला विचारायचं?"

शेजारचे गुरुजी म्हणाले, "आबा, घर तुमचंच. पण वापर बदलला की नगरपरिषदेची परवानगी लागते. फंडाचे पैसे भिंतीत घालाल आणि मागून नोटीस येईल!"

गुरुजींचे म्हणणे खरे आहे. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा तसे सांगतो. घराच्या आतल्या किरकोळ दुरुस्तीला ही परवानगी लागत नाही. पण मोटारीच्या जागी माणसे राहायची, किंवा दुकान थाटायचे, म्हणजे वापर बदलला.

असा नियम का? मोटारीला हवा-उजेड लागत नाही, माणसाला लागतो. मोटारीच्या खोलीला २.४ मीटर उंची चालते. राहत्या खोलीला २.७५ मीटर हवी. मनमाडचा उन्हाळा आठवा. बसक्या पत्र्याखाली, खिडकीवाचून जीव गुदमरेल. शिवाय सगळ्यांच्या गाड्या गल्लीत आल्या, तर पाण्याचा टँकर आणि आगीचा बंब शिरेल कुठून?

मग काय करावे? जागेचा उतारा आणि जुना मंजूर नकाशा काढावा. परवानाधारक अभियंत्याकडून नवा नकाशा करून घ्यावा. तो राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत बसला पाहिजे. नगरपरिषदेत अर्ज करावा, फी भरावी, पोच घ्यावी. निर्णयाला ६० दिवसांची मुदत असते. अर्ज नाकारला, तर ४० दिवसांत अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते. पुढे ती वाढवून घ्यावी लागते.

"पण मी घरपट्टी भरतो की!" आबा म्हणाले.

"घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे, आबा."

काम आधीच झाले असेल तर? नोटीस दडवू नये. तिच्या मुदतीत, काम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. नियमात बसले तर राहते, नाही तर पाडावे लागते.

आबांनी टेप आणली. उंची भरली २.४ मीटर. छप्पर उचलावे लागणार, खर्च वाढणार. पण भिंत बांधण्याआधी कळले, हे बरे झाले.