घरांवरचा खर्च शून्य? मृणाल गोरे, सिमेंट आणि विचारायला हवा तो प्रश्न

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आम्ही जिथे जिथे भरकटलो ते कापलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कल्पनेने करू. विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास चालू आहे. विरोधी बाकावरचा एक आमदार उभा राहतो आणि विचारतो, "मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींवर सरकारने तिजोरीतून किती पैसे खर्च केले?" मंत्री शांतपणे सांगू शकतात, "इमारत बिल्डर बांधतो. तिजोरीवर भार नाही." बाकं वाजतात, पुढचा प्रश्न.

आता गंमत बघा. या उत्तरात खोटं काहीच नाही. तरीही आपल्याला जे कळायला हवं होतं, ते कळलेलं नाही. असं का होतं, ते समजून घ्यायला आपल्याला १९८१ सालात जावं लागेल.

पाणीवाली बाई

मृणाल गोरे हे नाव तुमच्यापैकी काहींनी गोरेगावच्या उड्डाणपुलावर वाचलं असेल. १९२८ चा जन्म. मेडिकलचं शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आल्या. १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि गोरेगावच्या नळाला पाणी यावं म्हणून इतक्या भांडल्या की नावच पडलं, पाणीवाली बाई. १९७२ नंतरच्या महागाईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या मोर्चांत अहिल्या रांगणेकरांबरोबर याही पुढे होत्या. आणीबाणीत तुरुंगवास झाला, १९७७ मध्ये खासदारकी मिळाली, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या.

म्हणजे जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधात गेली. सत्तेची खुर्ची नाही, हातात फाईल नाही. अशा माणसाने सरकारला हिशेब विचारायचा कसा?

सिमेंट म्हणजे पैसाच

तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन घेता येत नव्हतं. भाव सरकार ठरवायचं, कोटा केंद्राकडून राज्याला यायचा आणि राज्य परमिटवर वाटायचं. घराला एक खोली वाढवायची असली तरी अर्ज, रांग, वाट बघणं. आणि काळ्या बाजारात तीच गोण कितीतरी महाग.

जरा थांबून या व्यवस्थेकडे बघू. सरकारी भाव आणि बाजारातला भाव यात मोठा फरक आहे. मग ज्याच्या हातात परमिट पडलं, त्याच्या खिशात तो फरक पडला. सरकारने त्याला रोख पैसे दिले नाहीत, बजेटमध्ये ओळ नाही, ऑडिटमध्ये व्हाउचर नाही. पण सार्वजनिक मालकीची एक किमती गोष्ट कुणाला तरी दिली गेली. हा खर्चच झाला की! फक्त तो रुपयांत लिहिलेला नव्हता.

१९८१ मध्ये बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते. साहित्यिक आणि कलावंतांना मदत करण्यासाठी म्हणून त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा ट्रस्ट काढला होता. ऑगस्टच्या अखेरीस अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये मोठी बातमी छापली. आरोप असा होता की बिल्डरांनी ट्रस्टला देणगी द्यायची आणि बदल्यात त्यांना कोट्याबाहेरचं सिमेंट मिळायचं.

गदारोळ झालाच. पण गदारोळाने माणूस दमतो, कागद हलत नाही. मृणाल गोरे आणि त्यांचे सहकारी पी. बी. म्हणजे बाबुराव सामंत हायकोर्टात गेले. तिथे "भ्रष्टाचार झाला" एवढं म्हणून भागत नाही. कुणाला सिमेंट मिळालं, किती मिळालं, कोणत्या नियमाखाली मिळालं आणि त्याच सुमारास देणगी कधी दिली गेली, हे जोडून दाखवावं लागतं. आमच्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं होती. एक सिमेंट वाटपाचं, दुसरं देणग्यांचं. प्रत्येक टेबल वेगळं बघितलं तर ठीकठाक दिसत होतं. दोन्ही जोडली की चित्र बदलत होतं.

जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध आहे, असं कोर्टाने म्हटलं. अंतुलेंनी राजीनामा दिला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यानंतरचा फौजदारी खटला हे वेगळं प्रकरण होतं. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो हायकोर्टाकडे सोपवण्याचा आधीचा आदेशच रद्द केला. अंतुले पुढे केंद्रात मंत्रीही झाले. त्यामुळे सोशल मीडियावर कुणी एका ओळीत ही गोष्ट संपवत असेल, तर सावध राहा.

सिमेंटवरचं नियंत्रण १९८२ मध्ये अर्धवट सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. आज परमिटची रांग नाही. मग हा विषय संपला का?

आजचं सिमेंट: एफएसआय

एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. सोपं गणित आहे. प्लॉट १,००० चौरस मीटरचा असेल आणि एफएसआय १ असेल, तर एकूण १,००० चौरस मीटर बांधता येतं. एफएसआय ३ केला की ३,०००. जमीन तेवढीच, पण विकायला मिळणारी जागा तिप्पट. हे एका सहीने होतं. मुंबईत त्या सहीची किंमत किती असेल, तुम्हीच अंदाज करा.

झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ पासून याच तत्त्वावर चालते. बिल्डर झोपडीधारकांना मोफत घर बांधून देतो आणि बदल्यात त्याला खुल्या बाजारात विकायला जादा बांधकामाचा हक्क मिळतो. कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. सरकारकडे रोख पैसा नसताना घरं उभी करायचा तो एक मार्ग आहे. पण मंत्र्यांच्या त्या "तिजोरीवर भार नाही"चा अर्थ आता लक्षात येतोय ना? जादा एफएसआयचा ताण पाण्याच्या लाईनवर, रस्त्यावर, शाळेवर, लोकलवर येतो. जमीन सरकारी किंवा पालिकेची असेल, तर ती आपलीच असते. किंमत आपण मोजतो, फक्त पावती फाटत नाही.

मग विचारायचं काय?

विरोधी आमदाराकडे हत्यारं बरीच असतात. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. पुरवणी मागण्यांवर बोलता येतं, कपात सूचना मांडता येते. कॅगचा अहवाल आला की तो लोकलेखा समितीकडे जातो आणि तिचं अध्यक्षपद प्रथेनुसार विरोधी पक्षाकडे असतं. पण हत्यार कोणतंही असो, प्रश्न चुकला तर उत्तर "शून्य" येणार.

जिथे रोख पैसा जातो तिथे आकडे निदान दिसतात. उदाहरणार्थ, प्रधानमंत्री आवास योजना. २०१५ मध्ये शहरांसाठी ती सुरू झाली तेव्हा स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राकडून दीड लाख रुपये ठरले. तिथे चार वेगवेगळे आकडे मागायचे: मंजूर घरं किती, काम सुरू किती, पूर्ण किती, आणि माणसं राहायला गेलेली किती. भाषणात बहुतेक वेळा पहिला आकडा असतो. आपल्याला शेवटचा हवा.

जिथे पैसा न देता सवलत दिली जाते, तिथे प्रश्न बदलायचा. काय दिलं, म्हणजे जमीन, एफएसआय की शुल्कमाफी? त्या दिवशी बाजारभावाने त्याची किंमत किती होती? ते कोणत्या नियमाखाली दिलं, आणि त्या नियमाला अपवाद केला का? बदल्यात लोकांना किती घरं, कधीपर्यंत मिळणार?

हे विचारायला आमदारच असावं लागतं असं नाही. दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात तुम्हीही अर्ज करू शकता.

आणि एक शेवटची गोष्ट

मृणालताई फक्त विचारून थांबल्या नाहीत. १९७६ च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्यानुसार मुंबईत एका मालकाला ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. जास्तीची जमीन सामान्यांच्या घरांसाठी वापरली जावी, हा त्यामागचा एक हेतू. कायदा होता, जमीन होती, घरं मात्र होत नव्हती. मग त्यांनी आणि सामंतांनी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून लोकांना एकत्र केलं आणि सरकारकडे ही जमीन मागितली. मोठ्या लढ्यानंतर गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत जमीन मिळाली आणि हजारो मध्यम व कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरं उभी राहिली. कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, पण ती वसाहत आजही तिथे आहे.

कधी गोरेगावच्या त्या बाजूला गेलात तर एक चक्कर मारा. आणि पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी "सरकारचा एक रुपयाही खर्च झाला नाही" असं म्हणालं, की लगेच खूश होऊ नका. रुपया गेला नसेल, तर मग काय गेलं, ते विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!