वेब टूलकिट, एडिटर आणि समाईक प्रमाण

वेबसाइट तयार करताना सगळा कोड कोणी पहिल्यापासून लिहीत बसत नाही. तारीख निवडायचे कॅलेंडर, फॉर्ममध्ये खाली उघडणारी यादी, पान न बदलता नवी माहिती आणणारे बटण या गोष्टी आधीच लिहून ठेवलेल्या संचांतून उचलल्या जातात. अशा संचाला टूलकिट किंवा लायब्ररी म्हणतात. कोड जिथे लिहिला जातो ते साधन म्हणजे एडिटर. चांगला एडिटर दोन अक्षरे टाइप होताच पुढचा शब्द सुचवतो, चूक असेल तिथे लाल नागमोडी रेघ ओढतो, एखाद्या फंक्शनला कोणती माहिती कोणत्या क्रमाने द्यायची ते दाखवतो. हे त्याला जमायचे तर टूलकिटमध्ये काय काय आहे याची त्याला ओळख हवी. ती ओळख कोणी आणि कोणत्या स्वरूपात करून द्यायची, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात संगणक क्षेत्राची बरीच वर्षे गेली आहेत.

प्रश्नाचे मूळ साध्या गुणाकारात आहे. बाजारात दहा टूलकिट आणि आठ एडिटर असतील आणि प्रत्येक टूलकिटची ओळख प्रत्येक एडिटरला वेगळी करून द्यावी लागत असेल, तर ऐंशी जोडण्या लिहाव्या लागतात. सर्वांनी एक समाईक स्वरूप मान्य केले, तर दहा टूलकिट आपापले वर्णन त्या स्वरूपात एकदाच लिहितात, आठ एडिटर ते एकदाच वाचायला शिकतात आणि काम अठरा जोडण्यांत भागते. समाईक स्वरूप नसल्याचा त्रास मराठवाड्याने रुळांवर भोगला आहे. लातूरला 1911 मध्ये पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे नॅरोगेज होती, नांदेडवरून जाणारी मनमाड–सिकंदराबाद लाइन कित्येक दशके मीटरगेज होती आणि विकाराबाद–परळी मार्ग ब्रॉडगेज. गेज, म्हणजे रुळांमधले अंतर, बदलले की माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. लातूर–कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज व्हायला 2008 साल उजाडले.

वेबच्या जगात ही अडचण 2005 नंतर एकदम वाढली. त्या वर्षी फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकी डिझायनरने पूर्ण पान पुन्हा न आणता थोडी माहिती आणण्याच्या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. जीमेल आणि गूगल मॅप्समुळे ही पद्धत लोकांच्या नजरेत भरली होती. मग टूलकिटांची रांग लागली: डोजो, प्रोटोटाइप, जेक्वेरी, याहूचे यूआय, मूटूल्स, एक्स्ट. प्रत्येकाची लिहिण्याची रीत वेगळी. प्रोटोटाइप आणि जेक्वेरी या दोघांनीही आपल्या मुख्य फंक्शनला डॉलरचे चिन्ह हेच नाव दिले होते. एका पानावर दोन्ही आले की नंतर आलेला आधीच्याचे नाव बळकावायचा आणि पान बंद पडायचे. जेक्वेरीला यासाठी डॉलरवरचा हक्क सोडून देणारी वेगळी सोय पुरवावी लागली. एडिटरांचीही गर्दी होतीच: एक्लिप्स, नेटबीन्स, व्हिज्युअल स्टुडिओ, ड्रीमवीव्हर, ॲप्टाना.

1 फेब्रुवारी 2006 रोजी आयबीएमच्या पुढाकाराने ओपन एजॅक्स हा गट जाहीर झाला. गूगल, याहू, ओरॅकल, मोझिला, रेड हॅट, नोव्हेल, झेंड, एक्लिप्स फाउंडेशन आणि डोजो फाउंडेशन त्यात होते. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टही आले. या गटाने दोन कामे हाती घेतली. पहिले काम ‘हब’चे. एकाच पानावर अनेक टूलकिट गुण्यागोविंदाने नांदावेत आणि एकमेकांना निरोप देऊ शकावेत, यासाठी ती व्यवस्था होती. दुसरे काम अधिक महत्त्वाचे होते: टूलकिटची ओळख एडिटरला करून देणाऱ्या समाईक वर्णनाचा आराखडा. एडिटर बनवणारे आणि टूलकिट लिहिणारे एका टेबलाशी बसले आणि त्यातून ‘ओपन एजॅक्स मेटाडेटा’ हे प्रमाण तयार झाले.

या आराखड्याची विचारपद्धती आजही अभ्यासण्यासारखी आहे. त्यात वर्णनाचे दोन भाग मानले होते. एका भागात टूलकिटमधली फंक्शने येत: नाव काय, आत काय द्यायचे, बाहेर काय मिळते. दुसऱ्या भागात पानावर ठेवायच्या तयार वस्तू येत. समजा, तारीख निवडायचे कॅलेंडर आहे. त्याच्या वर्णनात कॅलेंडरचे नाव असे, एडिटरच्या पट्टीत दिसायचे चिन्ह असे, आठवडा कोणत्या वारी सुरू होतो यासारखे बदलता येणारे गुणधर्म आणि त्यांची मूळ किंमत असे, कोणत्या फाइली सोबत जोडल्या पाहिजेत त्याची नोंद असे आणि पानात घालायचा मजकूर असे. एवढे एका एक्सएमएल फाइलमध्ये नीट लिहिले, की ते प्रमाण पाळणाऱ्या कोणत्याही एडिटरमध्ये माणसाने कॅलेंडर ओढून पानावर ठेवावे आणि गुणधर्म बाजूच्या चौकटीत भरावेत, अशी कल्पना होती. आराखड्यात फारसे उणे काढण्यासारखे नव्हते.

तरीही तो सर्वत्र रुजला नाही. टूलकिट लिहिणाऱ्याला कोड सांभाळून वर ही वर्णनाची फाइल लिहावी लागे आणि टूलकिटची नवी आवृत्ती निघाली की तीही सुधारावी लागे. मेहनत एकाची आणि सोय दुसऱ्याची, असा तो व्यवहार होता. त्यातच जेक्वेरी इतके लोकप्रिय झाले, की अनेक एडिटरांनी निव्वळ त्याच्यासाठी स्वतःची सोय करून घेतली आणि बाकीच्यांसाठी थांबण्याची निकड उरली नाही. प्रमाणाचा एक धागा मात्र टिकला. ॲडोबीच्या एज ॲनिमेट या साधनातून बाहेर पडणारी ‘ओएएम’ फाइल याच मेटाडेटाच्या घडणीची होती. पुढे ॲडोबी ॲनिमेटमध्येही ती सोय राहिली.

महाराष्ट्रात याच जातीचा प्रश्न मराठी अक्षरांच्या बाबतीत घडून गेला आहे. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या भारतीय भाषांसाठीच्या जिस्ट तंत्रज्ञानाचा पाया ज्या संकेतप्रणालीवर होता, ती इस्की 1991 मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. अक्षराचा संकेत एक ठेवायचा आणि त्याचे दिसणे फॉन्टवर सोपवायचे, हा तिचा नेमका विचार होता. छपाईच्या दुकानांत आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मात्र वेगळेच चालले. विंडोजवर काम भागावे म्हणून प्रत्येक फॉन्ट कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने देवनागरीचे तुकडे बसवले. एका फॉन्टमध्ये लिहिलेली बातमी दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. त्यामुळे या फॉन्टमधून त्या फॉन्टमध्ये नेणारे कन्व्हर्टर निघाले, आणि तेही प्रत्येक जोडीसाठी वेगळे. नांदेड-लातूरच्या डीटीपी चालकांच्या जुन्या सीडींमध्ये असा मजकूर अजून अडकलेला आहे. जगभरच्या लिप्यांना एकाच व्यवस्थेत संकेत देणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीचा क्रम इस्कीच्या आधीच्या, 1988 च्या आवृत्तीवरूनच घेतला होता. युनिकोड घरोघरी पोहोचला तो विंडोज 2000 पासून ऑपरेटिंग सिस्टिममध्ये देवनागरी आली तेव्हा. प्रमाण कागदावर कित्येक वर्षे होते, पण लोकांच्या हातातल्या साधनात आल्यावरच ते चालू लागले.

टूलकिटांच्या बाबतीतही तसेच झाले. 1 ऑक्टोबर 2012 रोजी मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट ही भाषा आणली. तिच्यात एखाद्या लायब्ररीची फंक्शने आणि त्यांना लागणाऱ्या माहितीचे प्रकार एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिता येतात. वर वर पाहता हे ओपन एजॅक्सच्या वर्णनासारखेच, पण फाइल लिहिणाऱ्याला तिचा लाभ त्याच क्षणी मिळतो. भाषा स्वतःच ती फाइल वाचून चूक पकडते. त्यामुळे मूळ लेखकांची वाट न पाहता वापरणाऱ्यांनीच हजारो लायब्रऱ्यांची वर्णने लिहिली आणि ‘डेफिनिटली टाइप्ड’ या सार्वजनिक भांडारात जमा केली.

पुढची पायरी जून 2016 मध्ये आली. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. यात एडिटरने भाषा समजून घेण्याचा प्रयत्नच करायचा नाही. भाषा जाणणारा सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्रॅम त्याच संगणकावर चालतो आणि एडिटर त्याला ठरलेल्या नमुन्याचे निरोप पाठवतो. फाइल उघडली, चौथ्या ओळीत हा बदल झाला, इथे कर्सर आहे तर काय सुचवता येईल, असे ते निरोप. सर्व्हर उत्तर देतो: ही यादी, ही चूक, ती अमुक ओळीत अमुक जागेपासून अमुक जागेपर्यंत. व्हीएस कोड या एडिटरमध्ये ही व्यवस्था आधीच चालत होती आणि मगच तिचे प्रमाण झाले. नंतर एक्लिप्सने ती स्वीकारली, 2021 मध्ये निओव्हिमने आणि 2023 मध्ये ईमॅक्सने ती आपल्या मूळ घडणीत सामावून घेतली. आधी चालते साधन आणि मग प्रमाण, हा क्रम या यशामागचे सर्वांत मोठे कारण मानावा लागतो.

या प्रोटोकॉलमधली एक बारीक गोष्ट मराठी वाचकाने जवळून पाहावी अशी आहे. ‘अमुक जागेपासून’ म्हणजे नेमके किती अक्षरांनंतर? ‘नांदेड’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात: नां, दे, ड. युनिकोडमध्ये त्याचे सहा संकेत होतात: न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड. हाच शब्द यूटीएफ-8 या पद्धतीने साठवला तर अठरा बाइट लागतात. ‘लातूर’ची गत तीच: दिसायला तीन अक्षरे, संकेत पाच, बाइट पंधरा. इंग्रजी शब्दात या तिन्ही मोजण्या एकच येतात, त्यामुळे इंग्रजीतच चाचणी करणाऱ्याला फरक जाणवत नाही.

प्रोटोकॉलने सुरुवातीला यूटीएफ-16 या दुसऱ्या साठवणपद्धतीचे माप ठरवले. त्या मापाने ‘नांदेड’ सहा जागांचा. काही सर्व्हर मात्र मजकूर यूटीएफ-8 मध्ये ठेवतात. एखाद्या सर्व्हरने रूपांतर न करता सरळ बाइट मोजले, तर अवतरणचिन्हांत ‘नांदेड’ लिहिलेल्या ओळीत त्या शब्दानंतरची चूक खऱ्या जागेच्या बारा घरे पुढे दाखवली जाते. ‘लातूर’ असेल तर दहा घरे. लाल रेघ भलत्याच शब्दाखाली येते आणि नव्याने शिकणारा विद्यार्थी निर्दोष शब्द दुरुस्त करत बसतो. यावर बराच वाद झाला आणि 2022 मध्ये प्रोटोकॉलच्या 3.17 या आवृत्तीत तोडगा निघाला. आता जोडणी होतानाच एडिटर आपल्याला चालणारी मापे सांगतो आणि सर्व्हर त्यांतले एक निवडतो. यूटीएफ-16 मात्र प्रत्येकाला यावेच लागते.

डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षराची मोजणी याहून अवघड आहे, कारण तिचे नियम युनिकोड वेगळे ठरवते. 2023 पर्यंतच्या नियमाने ‘महाराष्ट्र’मधले ‘ष्ट्र’ तीन तुकड्यांत मोडले जाई आणि शब्द सहा अक्षरांचा होई. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या युनिकोड 15.1 ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नवा नियम घातला. त्याने हा शब्द मराठी माणूस मोजतो तसा चार अक्षरांचा झाला. नवा नियम न घेतलेल्या साधनांत आजही कर्सर जोडाक्षराच्या मध्येच थबकतो.

समाईक प्रमाण आखताना टेबलाशी कोण बसले आहे, यावर अशा गोष्टी ठरतात. इंग्रजीतच काम करणाऱ्यांनी मराठीला मुद्दाम डावलले असे नाही. त्यांच्या चाचणीत हा प्रश्न उभाच राहिला नाही. तो उभा करण्याचे काम मराठीत लिहिणाऱ्यांनाच करावे लागेल आणि त्यासाठी मोठ्या कंपनीचे पद लागत नाही. प्रोटोकॉलचा मसुदा खुला आहे, बहुतेक सर्व्हरांचा कोडही खुला आहे आणि चुकांच्या नोंदी कोणीही पाठवू शकतो. नांदेडच्या विष्णुपुरीतील श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत, लातूरच्या एम. एस. बिडवे महाविद्यालयात किंवा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संगणक विभागात शिकणाऱ्याला एका तासिकेत करता येण्याजोगी ही तपासणी आहे. एका ओळीत मराठी शब्द लिहावा, त्याच ओळीत पुढे मुद्दाम एक चूक करावी आणि लाल रेघ कुठे उमटते ते पाहावे. ती सरकलेली दिसली, तर एडिटरचे नाव, सर्व्हरची आवृत्ती आणि ती ओळ जशीच्या तशी जोडून नोंद पाठवावी.